दुसऱ्यांदा अर्ज करताना

जून-जुलै उजाडला, की बेळगाव-निपाणीकडच्या घराघरांत एकच विषय असतो. कुणाच्या मुलीला मेडिकलची सीट मिळाली, कुणाची थोडक्यात हुकली, कुणी बीएएमएसला गेलं, कुणी एक वर्ष थांबायचं ठरवलं. लग्नकार्यात, बाजारात, बसस्टँडवर चौकशा होतात. एक काकू मराठीत विचारतात, ‘काय झालं गं शेवटी?’ तेवढ्यात पलीकडच्या मावशी कन्नडमध्ये विचारतात, ‘एनाय्तु?’ प्रश्न एकच असतो, पण ज्या घरात नकार आलेला असतो त्या घराला तो दोन्ही भाषांतून टोचतो.

आज ज्या मुलामुलींबद्दल लिहायचं आहे, ती याच घरांतली आहेत. पहिल्या वर्षी मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, पण इच्छा गेलेली नाही, म्हणून पुन्हा अर्ज करायचा आहे. त्यांतली बहुतेक पुन्हा नीटला बसतात. काही थोडी मुलं परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करतात. आपल्या भागातून इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेली कुटुंबं आता पुष्कळ आहेत. त्यांची मुलं तिकडे अर्ज करतात आणि इकडच्या आजी-आजोबांना फोनवर अडचणी सांगतात. तिकडच्या अर्जात गुणपत्रिकेबरोबर एक लेखी निवेदन द्यावं लागतं. मला डॉक्टर का व्हायचं आहे, त्यासाठी मी काय केलं आहे, हे स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं. त्याला तिकडे पर्सनल स्टेटमेंट म्हणतात.

पहिल्यांदा हे निवेदन लिहिणं अवघड असतंच. नकार आल्यावर तेच पुन्हा लिहायला बसणं त्याहून अवघड. जुनाच कागद थोडा झाडूनपुसून पाठवावा, की सगळं नव्यानं लिहावं? नापास झाल्याचं सांगावं, की लपवावं? घरात कुणाला विचारावं, तर आईवडिलांनी असं काही कधी लिहिलेलंच नसतं.

त्यांचा काही दोष नाही. आपल्याकडे वैद्यकीय प्रवेश म्हणजे गुण. नीटचे 720 गुण आणि त्यावरून लागणारा क्रमांक, याखेरीज तुम्ही कोण, कशासाठी आलात, हे कुणी विचारत नाही. अपवाद होते आणि थोडे आहेतही. नीट सक्तीची होण्याआधी सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असायची. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात नीटच्या गुणांनंतरही मुलाखत होते. एरवी आपल्या मुलांना ‘का?’ हा प्रश्न अर्जावर कधी भेटत नाही. घरी पाहुणे विचारतात तेव्हा ‘समाजसेवा करायची आहे’ हे ठरलेलं उत्तर देऊन ती मोकळी होतात.

दीडशे वर्षांपूर्वीचा अर्ज

पण मराठी माणसानं असा अर्ज कधी केलाच नाही, असं नाही. पहिला आणि फार मोलाचा अर्ज आनंदीबाई जोशी यांचा. ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचली आहे, 2019 सालचा चित्रपटही पाहिला आहे. पण त्यांचा प्रवेशाचा प्रवास अर्ज म्हणून कुणी फारसा पाहत नाही. त्याची सुरुवात तर आपल्या शेजारी, कोल्हापुरात झाली.

गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीला होते. कोल्हापूरच्या मुक्कामात त्यांचा अमेरिकन मिशनऱ्यांशी संबंध आला. पत्नीला शिक्षणासाठी अमेरिकेला न्यायचं आहे, आपल्यालाही तिथं काही काम मिळेल का, अशा आशयाची विचारणा त्यांनी पत्रानं केली. कोल्हापुरात पूर्वी काम केलेले रेव्हरंड वाइल्डर तेव्हा अमेरिकेतून एक मिशनरी मासिक चालवत होते. त्यांनी हा पत्रव्यवहार छापला. मदतीची अट एकच होती, धर्मांतर. ती जोशी दांपत्याला मान्य नव्हती. म्हणजे पहिल्या विचारणेला नकारच आला.

पुढची हकिकत प्रसिद्ध आहे. 1880 साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे बसल्या असताना त्यांच्या हाती ते मासिक पडलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं आणि पुढं त्यांच्या ‘मावशी’ झाल्या. इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पहिली विचारणा आनंदीबाईंची नव्हती, त्यांच्या वतीनं नवऱ्यानं केलेली होती. शिवाय तिच्यात पत्नीचं शिक्षण आणि स्वतःची नोकरी अशा दोन मागण्या होत्या. गोपाळरावांची तळमळ खरी होती, त्यांच्यावाचून हे घडलंही नसतं. पण त्या पत्रातून शिकणारी बाई कोण आहे, हे वाचणाऱ्याला कळत नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षांत आनंदीबाई स्वतः लिहू-बोलू लागल्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नाहीत आणि बाई डॉक्टर मिळत नाही, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. फेब्रुवारी 1883 मध्ये कलकत्त्याजवळच्या सेरामपूर इथं कॉलेजच्या सभागृहात त्यांनी जाहीर भाषण केलं. लोक त्यांना जे टोचून विचारायचे, तेच सहा प्रश्न त्यांनी घेतले. मी अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? काही अनर्थ घडला तर काय करीन? आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते मी का करावं? एकेक प्रश्न घेऊन त्यांनी त्याचं उत्तर दिलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगून टाकलं.

एप्रिल 1883 मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच महिन्यात रोझेलहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. वय अठरा. आज ज्याला आपण पर्सनल स्टेटमेंट म्हणतो, ते हेच. त्यात त्यांनी आधी मान्य केलं, की प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी बसेन असं नाही. हे एकदाच सांगितलं, त्याचं रडगाणं गायलं नाही. मग आपल्या प्रकृतीबद्दल आणि निश्चयाबद्दल लिहिलं. आप्त आणि जात दोन्ही विरोधात असताना मी इथवर आले, यावरून माझी चिकाटी पाहा, असं त्यांचं म्हणणं. आणि शेवटी मुद्दा मांडला, की माझ्या देशातल्या बायका मरण पत्करतात, पण पुरुष वैद्याकडून उपचार घेत नाहीत. त्यांच्यासाठी मला हे शिकायचं आहे. स्वतःसाठी काही मागत नाही, त्या कामाला लायक होण्यापुरतं शिक्षण द्या, एवढीच विनंती. डीन रेचल बॉडली यांच्या कॉलेजनं त्यांना प्रवेश दिला. 11 मार्च 1886 रोजी त्या एम.डी. झाल्या.

कोल्हापूरच्या पत्रात आणि रोझेलच्या पत्रात काय बदललं? घरची गरिबी, समाजाचा विरोध, इंग्रजीचं तोकडं ज्ञान यांपैकी फारसं काही नाही. बदललं ते हे, की मागणारी व्यक्ती स्वतः बोलू लागली, मागणी एकच राहिली, आणि ‘का’ या प्रश्नाला तिच्याच आयुष्यातलं उत्तर आलं. पुन्हा अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलानं या तीन गोष्टी आपल्या कागदाला लावून पाहाव्यात.

नकार नेमका कुठं आला?

आता आजच्या व्यवहाराकडे येऊ. पहिलं काम पेन उचलण्याचं नाही. नकार कुठल्या पायरीवर आला ते आधी बघायचं. इंग्लंडमध्ये मेडिकलचा अर्ज युकास या मध्यवर्ती व्यवस्थेतून जातो. एका वर्षी पाच पर्याय भरता येतात, त्यांतले मेडिकलचे जास्तीत जास्त चार. अर्जाची मुदत 15 ऑक्टोबरला संपते. युकॅट नावाची वेगळी परीक्षा द्यावी लागते. चारही ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणंच आलं नसेल, तर बहुधा गुण किंवा युकॅट कमी पडलेली असते. तिथं निवेदन कितीही सुंदर लिहिलं तरी उपयोग नाही, आधी परीक्षेची तयारी वाढवायला हवी. मुलाखत होऊन नकार आला असेल, तर कागद बरा होता, बोलण्यात कमी पडलं. काही विद्यापीठं विचारल्यावर कारण कळवतात. तेव्हा संकोच न करता नम्रपणे विचारावं. पुन्हा अर्ज करणाऱ्यांबाबत प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो, तो त्यांच्याच संकेतस्थळावर वाचावा. ओळखीच्याच्या ओळखीच्यानं सांगितलं म्हणून धरून चालू नये.

निवेदनाचं स्वरूपही बदललं आहे. पूर्वी युकासला एकच सलग मजकूर द्यावा लागे. 2026 च्या प्रवेशापासून तीन प्रश्न आले आहेत. हा विषय का शिकायचा आहे? आजवरच्या अभ्यासानं त्यासाठी काय तयारी झाली? आणि शाळा-कॉलेजबाहेर काय केलं, त्याचा उपयोग काय? तिन्ही मिळून 4000 अक्षरखुणा, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर निदान 350 चं. म्हणजे ज्यानं जुन्या पद्धतीनं अर्ज केला होता, त्याला जुना कागद तसाच पाठवताच येणार नाही. अमेरिकेत रीत निराळी आहे. तिथं आधी पदवी घ्यायची आणि मग मेडिकलला अर्ज करायचा. तिथल्या मध्यवर्ती अर्जात निवेदनाला 5300 अक्षरखुणांची मर्यादा आहे.

आणखी एक गोष्ट पालकांनी विसरू नये. परदेशात शिकून भारतात डॉक्टरकी करायची असेल, तर नीट पात्र होणं बंधनकारक आहे. ‘नीट नको म्हणून परदेश’ असं कुणी एजंट सांगत असेल, तर त्याच्या कार्यालयातून उठून यावं.

जुना कागद, नवा कागद

जुना मसुदा टाकून देऊ नये. तो समोर ठेवावा आणि लाल पेन घ्यावं. जे वाक्य वर्गातल्या कुणाही दुसऱ्या मुलानं लिहिलं असतं तरी चाललं असतं, त्याच्याखाली रेघ ओढावी. नमुन्यादाखल एक परिच्छेद घेऊ. निपाणीच्या एखाद्या मुलीनं पहिल्या वर्षी असं लिहिलं असेल असं समजा:

‘लहानपणापासून मला डॉक्टर होण्याची आवड आहे. डॉक्टर हा देवासमान असतो. गोरगरिबांची सेवा करणे हे माझे स्वप्न आहे. मी मेहनती, प्रामाणिक व जिद्दी आहे. माझ्या आजीच्या आजारपणामुळे माझा निश्चय अधिक दृढ झाला.’

पाच वाक्यांपैकी चारांखाली लाल रेघ येईल. उरली ती आजी. पण आजीला काय झालं, नातीनं काय पाहिलं, ते कुठंच नाही. खरी सामग्री होती ती तिनं एका शब्दात गुंडाळून टाकली. तीच मुलगी वर्षभरानं विचार करून असं लिहू शकते:

‘माझी आजी घरी बसून विड्या वळायची. सुपात तंबाखू घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तिला खोकला होता, पण तो आमच्या घरात इतका जुना होता की आजार वाटत नसे. बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टर कन्नडमध्ये विचारत होते आणि आजी मराठीत सांगत होती. मी मधे बसून दोन्हीकडचं सांगत होते. आजी म्हणाली, छातीत भरून येतं. मी घाईनं छातीत दुखतं असं सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारायला लावलं, तेव्हा कळलं की दुखत नव्हतं, श्वास पुरत नव्हता. एका शब्दानं तपासणीची दिशा बदलली असती. त्यानंतर मी ऐकायला शिकले.’

या मजकुरात ‘मी जिद्दी आहे’ असं कुठं म्हटलेलं नाही, सेवा हा शब्दही नाही. तरी वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळतात. या मुलीला तंबाखूच्या धंद्यातल्या बायकांचं आयुष्य माहीत आहे. रोग्याचं बोलणं नीट ऐकलं नाही तर काय होतं, हे तिनं पाहिलं आहे. आणि आपली चूक सांगायला ती घाबरत नाही. परीक्षकाला याहून जास्त काय हवं?

अर्थात हा नमुना आहे, उतरवून घ्यायचा मजकूर नव्हे. ज्याची आजी विड्या वळत नव्हती त्यानं वळवू नये. युकासकडे येणारा प्रत्येक मजकूर यंत्राकडून आधीच्या मजकुरांशी ताडून पाहिला जातो. चोरलेलं सापडतं. आता संगणकाला सांगून निवेदन लिहून घ्यायची सोयही झाली आहे. तसं लिहून घेऊन आपलं म्हणून देणं फसवणूक धरली जाऊ शकते, हे युकासनं स्पष्ट सांगितलं आहे. त्याहून मोठी अडचण अशी, की मुलाखतीत त्याच कागदावरून प्रश्न येतात. जे आपण जगलो नाही त्याचा तपशील आयत्या वेळी कुठून आणणार?

मधल्या वर्षाचं काय?

पुन्हा अर्ज करणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. गेल्या वर्षापासून आजपर्यंत काय केलंत? नकाराबद्दल एक वाक्य पुरतं. ‘गेल्या वर्षी मला प्रवेश मिळाला नाही. रसायनशास्त्रात मी कमी पडलो.’ एवढंच. पेपर अवघड होता, तब्येत बरी नव्हती, क्लास चांगला नव्हता, ही यादी नको. आनंदीबाईंनी आपली उणीव एकदाच सांगितली आणि पुढं गेल्या.

त्या एका वाक्यापुढं मात्र वर्षाचा हिशेब लागतो. आणि वर्ष नुसतं क्लासमध्ये गेलं असेल, तर लिहायला काही राहत नाही. म्हणून निवेदन सुधारण्याची खरी जागा कागद नव्हे, ते वर्ष आहे. ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांच्या आणि रोग्याच्या परवानगीनं बसता येतं. वृद्धाश्रमात आठवड्यातून एक दुपार देता येते. सरकारी दवाखान्यात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला केसपेपर काढून देणं, औषध कधी घ्यायचं ते त्याच्या भाषेत समजावणं, हेही काम आहे. मात्र जे शिकलेलं नाही ते करू नये. इंजेक्शन दिलं, टाके घातले, असं बढाईनं लिहिलं तर परीक्षक खूश होणार नाही, सावध होईल. आणि रोग्याचं नाव, गाव कागदावर कधीच आणू नये.

आपल्या जिल्ह्यात काय घडलं आहे, हेही या वर्षात वाचावं. मुलं लंडन-बोस्टनच्या संशोधनाची नावं लिहितात आणि घराजवळचं त्यांना माहीत नसतं. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज 1963 सालचं. तिथल्या डॉक्टरांनी अमेरिकन संशोधकांबरोबर एक अभ्यास केला, तो 2006 साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होऊन बायका दगावतात, त्यावर थंड ठिकाणी न ठेवता वापरता येईल अशी साधी गोळी उपयोगी पडते का, हे पाहायचं होतं. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या 1620 बायका त्यात होत्या. बाळंतपण करणाऱ्या होत्या आपल्या नेहमीच्या नर्सबाई, म्हणजे एएनएम. खऱ्या गोळीऐवजी दिखाऊ गोळी मिळालेल्यांत अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्के होतं, मिसोप्रोस्टॉलची गोळी मिळालेल्यांत 6.4 टक्के. म्हणजे जवळपास निम्मं.

ज्या मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचं आहे, तिनं हे वाचून आपल्या गावच्या नर्सबाईंशी तासभर बोलावं. तेव्हा कशी बाळंतपणं होत, आता काय बदललं, विचारावं. निवेदनातलं एक पान तिला तिथं मिळेल. आनंदीबाईंनीही एम.डी.साठी प्रबंध लिहिला तो आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्रावर. सातासमुद्रापार जाऊन त्यांनी घरचाच विषय निवडला.

दोन भाषांचं भांडवल

आपल्या भागातल्या मुलांना वाटतं, की इंग्रजी माध्यमातल्या बंगळूर-पुण्याच्या मुलांपुढं आपण कमी. घरात मराठी, शेजारी कन्नड, शाळेत आणखी तिसरंच. सगळ्या भाषा अर्धवट. ही भावना कागदावर उतरते. मग मुलं शब्दकोशातले जड इंग्रजी शब्द शोधतात आणि वाक्याचा जीव जातो.

डॉक्टरच्या कामात मात्र हेच भांडवल आहे. ‘कळ येते’, ‘चमक मारते’, ‘ठणका लागतो’, ‘मुरडा येतो’, या चार दुखण्यांना इंग्रजीत मुलं एकच शब्द लावतात. चिकोडीकडची बाई ‘होट्टी ब्यानी’ म्हणते तेव्हा ती कुठलं दुखणं सांगते, हे तिच्या बोलण्याची सवय असलेल्यालाच चटकन उमगतं. आपल्याकडच्या मेडिकलच्या अभ्यासक्रमातही 2019 पासून सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषा शिकवायची तरतूद आहे. म्हणजे बाहेरून आलेल्या मुलाला जे वर्गात बसून शिकावं लागतं, ते आपल्या मुलांना ओट्यावर बसून मिळालेलं असतं. निवेदनात हे ‘मला तीन भाषा येतात’ असं यादीसारखं लिहून चालत नाही. त्या भाषेचा कुणाला कधी उपयोग झाला, तो एक प्रसंग लिहावा.

लिहिताना पहिला मसुदा ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत करावा. मराठी असो की कन्नड, किंवा आपण बोलतो तशी दोन्हीची भेळ. मग तो बाजूला ठेवून इंग्रजीत नव्यानं लिहावं. शब्दाला शब्द लावून भाषांतर करू नये. साधी, छोटी वाक्यं लिहावीत. इंग्रजीच्या शिक्षकांकडून व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही, पण त्यांना मजकूर सजवू देऊ नये.

पालकांची जागा

आता पालकहो, थोडं तुमच्याशी. मुलाला नकार आला की घर हादरतं. खर्च झालेला असतो, नातेवाइकांत सांगून झालेलं असतं. मग दुसऱ्या वर्षी आपण सूत्रं हाती घेतो. कन्सल्टन्सीवाल्याला पैसे देऊन निवेदन लिहून घेतो, नाहीतर रात्री मुलगा झोपल्यावर आपणच त्यातली वाक्यं बदलतो. हेतू चांगला असतो. पण गोपाळरावांच्या कोल्हापूरच्या पत्राचा विचार करा. दुसऱ्याच्या वतीनं लिहिलेल्या कागदातून ती व्यक्ती दिसत नाही.

तुम्ही एक गोष्ट करू शकता, ती दुसऱ्या कुणाला जमणार नाही. आठवून सांगा. आजोबांच्या आजारपणात मुलगा त्यांच्या उशाशी काय करत होता, मुलगी कुठल्या प्रसंगानंतर गप्प झाली होती, कशाबद्दल सारखे प्रश्न विचारायची. मुलांना स्वतःबद्दलच्या या गोष्टी आठवत नाहीत, किंवा त्या लिहिण्याजोग्या वाटत नाहीत. सांगा आणि बाजूला व्हा. कागद त्यांचा त्यांना लिहू द्या.

आणि एक प्रश्न मुलांना मोकळेपणानं विचारू द्या, मुख्य म्हणजे उत्तराला घाबरू नका. ‘मला खरंच डॉक्टर व्हायचं आहे का?’ नवा कागद लिहिताना काही मुलांच्या लक्षात येतं, की ‘का’ला उत्तरच नाही. आवड आईची होती, हट्ट वडिलांचा होता. असं कळलं तर ते वर्ष वाया गेलं असं समजू नका. पुढची पाच-सहा वर्षं आणि लाखो रुपये चुकीच्या वाटेला जाण्याआधी कळलं. मुलगी म्हणाली, मला दवाखान्यात नाही, प्रयोगशाळेत काम करायचं आहे, तर तेही उत्तरच आहे.

नीटवाल्यांनीही लिहावं

बहुसंख्य मुलं नीटच देणार आहेत. त्यांना वाटेल, की हे सगळं परदेशी जाणाऱ्यांचं, आपल्याला काय त्याचं? नीटची प्रश्नपत्रिका आज मराठीतही मिळते, कन्नडमध्येही, पण कुठल्याच भाषेत ‘का’ हा प्रश्न विचारत नाही. म्हणूनच दुसऱ्यांदा बसणाऱ्यानं तो स्वतःला विचारावा. एक वर्ष खोलीत कोंडून घेऊन त्याच त्याच पुस्तकांची पारायणं करायची असतात. मित्र कॉलेजात गेलेले असतात. सराव परीक्षेत गुण घसरले की रात्री झोप येत नाही. अशा वेळी आपण हे कशासाठी करतो, ते एका पानावर लिहिलेलं हाताशी असलं तर आधार होतो. ते पान कुणाला पाठवायचं नाही, त्याला गुण मिळणार नाहीत. आणि लिहूनही मन फारच खचत असेल तर गप्प बसू नये, घरात, शिक्षकांशी, डॉक्टरांशी बोलावं. प्रवेश पुढच्या वर्षीही मिळू शकतो, मूल आधी सांभाळायचं.

आनंदीबाईंचा शेवट आपल्याला माहीत आहे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. पण क्षयानं जर्जर होऊनच त्या परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. एकही रोगी त्यांना कोल्हापुरात तपासता आला नाही. त्याच सीपीआरमध्ये आज निपाणी-चिकोडीकडच्या कितीतरी लेकी-सुना बाळंत होतात, आणि बाई डॉक्टर असणं कुणाला नवलाचं वाटत नाही.

तेव्हा ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी ऑक्टोबरची वाट पाहू नये. उन्हाळ्यातच सुरुवात करावी. चार-पाच मसुदे होऊ द्यावेत. प्रत्येक दोन मसुद्यांमध्ये आठवडाभर कागद बंद ठेवावा. दोघांनाच वाचायला द्यावा, एक आपल्याला चांगलं ओळखणारा, एक अजिबात न ओळखणारा. दहा जणांना दिला तर दहा मतं येतील आणि कागद कुणाचाच राहणार नाही. शेवटचा मसुदा तयार झाला, की तो घरातल्या आजीला मराठीत किंवा अज्जीला कन्नडमध्ये सांगून पाहावा. मधेच तिनं ‘हे तू नव्हंस बघ’ असं म्हटलं, तर ते वाक्य काढून टाकावं.